टपालपेटीपलीकडची आई

कलासंग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील लांबट दालनात दाराशेजारी एक खुर्ची आहे. त्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईचे काम सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे. लोकांना चित्रांपासून हातभर लांब ठेवायचे, आणि तरीही आपण नको तिथे आलो असे त्यांना वाटू द्यायचे नाही. त्यासाठी तिने स्वतःची एक रीत बसवली आहे. एखाद्या गृहस्थाचे बोट रंगाच्या थराकडे सरकू लागले की ती उठत नाही, ओरडत नाही, बसल्या जागेवरून एवढेच म्हणते, "काका, डोळ्यांनी बघा. बोटांना काही दिसत नाही." गृहस्थ हसतो, बोट खिशात जाते आणि चित्र व माणूस दोघांचीही अब्रू राखली जाते.

ती ठेंगणी आहे, वयाने साठीच्या उंबरठ्यावर. गणवेशाचा करडा कोट खांद्यांना थोडा सैलच होतो. लहानपणी तिला मुंगी म्हणत, आणि ते नाव तिला अजूनही पुरते. ज्या दालनात ती आज पहारा करते तेच एके काळी मुलींचे निजघर होते. कारण संग्रहालय होण्यापूर्वी ही इमारत कित्येक पिढ्या अनाथाश्रम होती. भिंती आता पांढऱ्या आहेत, छतातून मोजका उजेड पाझरतो, कोपऱ्यात हवेतील दमटपणा मोजणारे यंत्र आपले काम करत असते. लाकडी जमीन मात्र जुनीच ठेवली आहे आणि तिच्यावर लोखंडी खाटांच्या पायांनी पाडलेले खळगे रांगेने दिसतात. पुष्कळ पाहुण्यांना हे खळगे हीसुद्धा कुणाची तरी कलाकृती वाटते आणि ते खाली वाकून तिचे नाव शोधू लागतात. मुंगीची खाट दाराशेजारी होती. तिची खुर्ची आज त्याच खळग्यांत घट्ट बसते.

"आश्रमाची लेक आश्रमाचीच राखण करते," असे सहकारी कौतुकाने सांगत. या कौतुकात एकच उणीव होती. मुंगी अनाथ नव्हती. तिची आई त्या काळी याच इमारतीत, खाली स्वयंपाकघरात होती. आणि आजही ती आहे, ऐंशीच्या पुढची, ठणठणीत, कानाने किंचित मंद आणि जिभेने मुळीच नाही.

हे कसे घडले ते सांगायचे तर फार मागे जावे लागते. नवरा अकाली गेलेली एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन कामाच्या शोधात आश्रमाच्या फाटकाशी आली. आश्रमाच्या अधीक्षिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी विचारले, "स्वयंपाक येतो का?"

"चारचौघांचा येतो. एवढ्या लेकरांचा करून बघते."

"आणि ही काय करते?"

"ही खाते."

मोठ्या बाई सहसा हसत नसत; त्या दिवशी हसल्या. स्वयंपाकघराला लागून एक खोली होती. मायलेकींनी तिथे राहावे, असे त्यांनी सुचवले. मुली तेव्हा शाळेत होत्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून नव्या स्वयंपाकिणीने त्यांना रांगेने परतताना पाहिले. रस्त्यावर कुणी एक बाई आपल्या मुलाचे नाक पदराने पुसत उभी होती. रांगेतली सगळ्यांत धाकटी पोर तिच्याकडे बघत चालली होती, मान वळेल तितकी वळवून, आणि मान वळेनाशी झाली तेव्हा उलटी चालून.

स्वयंपाकीण तशीच मोठ्या बाईंकडे गेली. "खोली मला एकटीला पुरे. हिला वरच निजवा, सगळ्यांसारखा गणवेश द्या. मी सगळ्यांची मावशी, तशी हिचीही मावशी."

"अहो, पण मुलगी तुमची आहे."

"ते मला ठाऊक आहे ना, मग झालं. एवढ्या लेकरांच्या डोळ्यांदेखत एकटीलाच आई असणं बरं दिसत नाही."

मुली आश्रमात शिरायच्या आधीच तिने मुलीला एका ओळखीच्या बाईकडे पोचवले, आणि काही दिवसांनी ती चिमुरडी पुढच्या दाराने, इतर मुलींसारखीच नवी आलेली म्हणून आत आली. ज्या वयात मूल जे सांगितले जाईल ते जगाचा नियम म्हणून स्वीकारते, त्या वयात तिला एवढेच सांगण्यात आले की फाटकाच्या आत आई ही मावशी असते. आठवड्याच्या बाजाराला मावशींबरोबर पिशवी धरायला एक मुलगी जाई, आणि त्या कामावर नेमणूक कायम मुंगीचीच होई. रस्त्याच्या वळणावर लाल टपालपेटी होती. फाटकापासून पेटीपर्यंत "मावशी, तुम्ही" चाले; पेटी ओलांडली की "आई, तू" सुरू होई. परतताना पेटीपाशी मुंगी गप्प होई. जे काही सांगायचे राहिले असेल ते पुढच्या बाजारापर्यंत पोटात ठेवावे लागे.

मावशींचा खरा कस जेवणघरात लागे. वाढणाऱ्याने आपले-परके पाहून वाढणे, या पापाला आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच असे स्वतंत्र नाव आहे. यावरून ते पाप किती जुने आणि किती सार्वत्रिक असावे याचा अंदाज येतो. मावशींना दुसऱ्या कोणत्याही पापाची एवढी धास्ती नव्हती. हातात ओगराळे घेऊन त्या लांब टेबलाच्या कडेकडेने चालत. प्रत्येक वाटीत ओगराळे काठोकाठ भरून रिते होई. मुंगीच्या वाटीशी आले की स्वतःच्या लेकीला अधिक जाईल या भीतीने हात आपोआप कमीकडे झुके. बटाट्यांतला बारका तिला, पावाचे टोक तिला, भांड्याच्या तळाची खरवडही तिला. न्यायाच्या तराजूत आपले माणूस बसले की बहुतेक लोक पारडे दाबतात. थोडे असेही असतात की जे भीतीपोटी ते पारडे उचलून धरतात. तराजू दोन्ही वेळा चुकतोच. दुसऱ्या चुकीला आपण सद्गुण म्हणतो, आणि म्हणून ती दुरुस्त करायला कुणी पुढे येत नाही. कुणी वडीलधारे येत नाही, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

मुंगीच्या शेजारच्या खाटेवरची मुलगी खारूताई. खिशात कायम पावाचा तुकडा दडवलेला, म्हणून हे नाव. पलीकडची घंटी, उठण्याची, जेवणाची, निजण्याची घंटा बडवण्याचे काम तिच्याकडे असे, आणि पुढे तिचा आवाजही तसाच झाला. तिघींचे बालपण त्या तीन खाटांवर एकत्र गेले. मोठेपणी खारूताईने शिवणकामाचे दुकान थाटले, घंटी बसवर कंडक्टर झाली, मुंगी एका रंगाऱ्याच्या दुकानात हिशेब सांभाळू लागली. आश्रम बंद झाला, कारण मुलांना मोठ्या इमारतीत ठेवण्यापेक्षा घराघरांतून वाढवावे असे शहाण्या लोकांचे मत पडले, आणि ते मत चुकीचे नव्हते. इमारत काही वर्षे कुलूपबंद राहिली, मग तिचे संग्रहालय झाले. पहाऱ्यासाठी माणसे हवी आहेत असे कळताच मुंगीने पहिल्याच दिवशी अर्ज केला.

तिचा नवरा किल्ल्या बनवतो. लग्न ठरण्याआधी तिने त्याला टपालपेटीपलीकडे नेऊन खरे सांगितले होते. मैत्रिणींना मात्र ती कधीच सांगू शकली नाही. ज्यांना सख्खे कुणी नव्हते त्यांनी एकमेकींना सख्खे मानले होते. त्या नात्यात शिरण्याची अट एकच होती आणि ती आपण कधीच पुरी केली नव्हती, ही बोच तिला होती. मावशी थकल्यावर मुंगीकडे राहायला आल्या तेव्हा काही तरी कारण सांगणे भाग पडले. "मावशींचं म्हातारपणी कोण करणार? म्हणून मी ठेवून घेतलं," असे ती म्हणाली.

"धन्य गं बाई तुझी!" खारूताईने तिथल्या तिथे कानशिलांवर बोटे मोडली. "पोटची मुलगी तरी एवढं करते का आजकाल?"

"पोटच्या मुलीचं नावच काढू नकोस," घंटी म्हणाली. "त्या सणावारी तोंड दाखवतात. ही बघ, ना नात्याची ना गोत्याची!"

मुंगीचे कान तापले. आतल्या खोलीत मावशींना खोकल्याची उबळ आली. पुढे दर वर्षी मैत्रिणी जमल्या की हे कौतुक नव्याने होई, आणि ज्या पुण्यावर आपला हक्क नाही ते पुण्य पदरात घेताना मुंगी दर वर्षी थोडी खचे. नवऱ्यालाही कसरत करावी लागे. बाहेरची पायरी वाजली की त्याच्या सासूबाई मावशी होत आणि पायऱ्या उतरल्याचा आवाज थांबला की पुन्हा सासूबाई. तो म्हणे, "या घरात कुलपापेक्षा नाती जास्त वेळा फिरतात."

टपालपेटी तर केव्हाच काढून नेली होती. पदपथावर तिचे चार गंजके खिळे तेवढे उरले होते. तरीही हद्द पाळली जात होती. संग्रहालयात असताना घरून फोन आला की मुंगी म्हणे, "हो मावशी. तुम्ही दूध गॅसवर ठेवून झोपू नका." खिळे ओलांडल्यावर घरी फोन करून ती म्हणे, "आई, ठेवलं होतंस ना शेवटी?"

अशी सगळी घडी बसलेली असताना संग्रहालयाने जुन्या जेवणघरात इमारतीच्या इतिहासाचे दालन उघडायचे ठरवले. त्याची आखणी करणारा क्युरेटर तरुण, कष्टाळू आणि मनाने हळवा होता. माळ्यावरच्या एका पेटीत त्याला आश्रमाच्या मुलींचे सामूहिक छायाचित्र सापडले. त्यातला एक चेहरा त्याने मोठा करून घेतला आणि तो मुंगीच्या खुर्चीसमोर धरला.

"ताई, या मुलीचे ओठ बघा. किती घट्ट मिटलेत! काय काय गिळून टाकलं असेल हिने."

मुंगीने पाहिले. स्वतःला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. "हो," ती म्हणाली, "काहीतरी गिळायचं राहिलंय असं वाटतं खरं."

"हाच चेहरा घेतो फलकावर," तो म्हणाला आणि भारावून निघून गेला. तेव्हाच सांगायला हवे होते. पण सांगायचे म्हणजे सुरुवातीपासून सांगायचे, आणि सुरुवात तर तिची एकटीची नव्हती.

काही आठवड्यांत तो चेहरा शहरभर बसथांब्यांवर झळकला. खाली ओळ होती: 'हिला कुणी नव्हते. ही इमारत होती.'

मावशी जावयाबरोबर डॉक्टरकडे निघाल्या होत्या. थांब्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जावईबापू, मोठ्यानं वाचा. मला दिसतंय तेच लिहिलंय का?"

जावयाने वाचले.

"म्हणजे मी कोण? भूत?"

"भुतांना तिकीट लागत नाही, सासूबाई. तुम्ही मघाशी सवलतीचं काढलंत, सुट्ट्यांवरून भांडलातसुद्धा."

मावशी हसल्या नाहीत. संध्याकाळी मुंगी घरी आली तेव्हा त्या दारातच बसल्या होत्या. "माय मरो पण मावशी जगो म्हणतात. तुझ्या साहेबांनी ते फारच मनावर घेतलं गं. मला जिवंतपणी भिंतीवर मारून टाकलं."

"आई, त्याला माहीत नव्हतं."

"तुला तर माहीत होतं ना? उद्या जाऊन सांग, म्हणावं, पाटी बदला."

"सांगितलं की सगळीकडे होईल. खारूताईला कळेल, घंटीला कळेल."

"मग कळू दे की."

"तूच म्हणायचीस, एकटीलाच आई असणं बरं दिसत नाही."

"तेव्हा लहान होत्या त्या."

"मीही लहानच होते," मुंगी म्हणाली.

किल्लीवाल्याने हातातली कानस खाली ठेवली. मावशींनी पदराची किनार दोन बोटांत धरून सरळ केली, पुन्हा पुन्हा सरळ केली. मग त्या म्हणाल्या, "होतीस खरी." आणि थोड्या वेळाने, आवाज पुन्हा नेहमीच्या पट्टीत आणून, "हे बघ, उद्घाटनाचं बोलावणं मला आलंय, आश्रमाची जुनी स्वयंपाकीण म्हणून. मी येणार. आपण होऊन बोलणार नाही. पण कुणी विचारलं तर या वयात खोटं बोलायला मला जमायचं नाही. विसरायला होतं, काय सांगितलं होतं ते."

नियम घालणारी तो मोडायला निघाली होती आणि ज्या मुलीने त्याची किंमत दिली तीच त्याची राखण करीत होती. मुंगीने त्या रात्री ठरवले की हे मैत्रिणींना कळायचेच असेल तर ते भाषणातून, वर्तमानपत्रातून किंवा आईच्या तोंडून कळू नये. ते आपल्याच तोंडून कळावे. मग त्यांना तोंड फिरवायचे असेल तर त्यांनी तिच्या समोर फिरवावे.

उद्घाटनाच्या दिवशी इमारत फुलून गेली होती. आश्रमाच्या जुन्या मुली, म्हणजे आता पांढऱ्या केसांच्या बाया, पाटीवरचे बाण न पाहता सरळ हव्या त्या जिन्याने जात होत्या. खाली भाषणांची तयारी चालली होती. मुंगीने खारूताईला आणि घंटीला वरच्या लांब दालनात आणले आणि मधल्या बाकावर बसवले. समोर एका रिकाम्या होडीचे भले मोठे चित्र होते.

"बसा. मला काहीतरी सांगायचंय."

"आधी हे सांग, माझ्या खाटेवर ही होडी कुणी आणून बांधली?" घंटीचा आवाज दालनभर घुमला. एक परदेशी पाहुणा दचकून होडीपासून दूर झाला.

"घंटे, गंमत नको. तुम्ही दोघी मला दर वर्षी चांगली म्हणता ना, ते..." मुंगीने पुन्हा सुरुवात केली. "मावशी आहेत ना, त्या..."

"तुझी आई आहे, तेच ना?" खारूताईने पिशवीतून चष्म्याचे घर काढत विचारले. "चल, एकदाचं बोललीस. घंटे, तू पैज हरलीस. ही मरेपर्यंत बोलणार नाही म्हणत होतीस."

मुंगी बाकाच्या कडेवर टेकली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बाजाराची पिशवी तुझ्यापेक्षा मोठी होती. ती धरायला दर वेळी तूच! मी एवढी धिप्पाड, मला कधी नेलं का गं?" घंटी म्हणाली.

"पिशवी राहू दे," खारूताई म्हणाली. "आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं, ते ओगराळ्यावरून. सगळ्यांना काठोकाठ आणि तुझ्याशी आलं की हात आखडायचा. मावशी रागीट नव्हत्या, कंजूष नव्हत्या. मग एकाच मुलीवर राग का? मी रात्री पडल्या पडल्या विचार केला. परक्या मुलीला असं कुणी वागवत नाही. असं फक्त स्वतःच्या मुलीला वागवतात."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मावशी आमच्यासाठी एवढं सोंग करत होत्या. आम्हाला कळलंय हे त्यांना कळलं असतं तर बिचाऱ्या ओशाळल्या असत्या. त्या आमच्यासाठी लपवत होत्या, आम्ही त्यांच्यासाठी." खारूताईने खांदे उडवले. "आणि तुझी भरपाई आम्ही करतच होतो."

"कसली भरपाई?"

"कसली म्हणजे? टेबलाखालून माझा अर्धा पाव कुणाच्या मांडीवर यायचा? घंटीचा बटाटा? सगळ्या टेबलाची पाळी लावली होती, आज हिनं, उद्या तिनं."

मुंगीला मांडीवर अलगद येऊन पडणारे ते ऊबदार तुकडे आठवत होते. तिला इतकी वर्षे वाटत होते की सगळ्याच मुली सगळ्याच मुलींना असे देतात. भूक लागलेल्या जगाचा हाही एक नियम असावा. तिला रडू येणार होते. तेवढ्यात घंटी म्हणाली, "आणि दर वर्षी 'पोटची मुलगी तरी एवढं करते का' म्हटलं की तुझे कान असे लाल व्हायचे! आम्ही त्या एका गमतीसाठी दोन दोन बस बदलून यायचो गं तुझ्याकडे." मग रडणे जमले नाही. तिने घंटीच्या पाठीत धपाटा घातला, आणि ज्या दालनात ती इतरांना हळू बोला म्हणून सांगते त्या दालनात तिघी मोठमोठ्याने हसल्या.

लिफ्टचे दार उघडले. जावयाच्या हाताला धरून मावशी आत आल्या. तिघींकडे पाहून त्या जागीच थांबल्या. मुलींचे काहीतरी गुपित फुटले आहे हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.

"कळलंय त्यांना," मुंगी म्हणाली. "पूर्वीपासूनच."

मावशींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पूर्वीपासून म्हणजे?"

खारूताईने सगळे सांगितले, पाळ्यासुद्धा सांगितल्या. ऐकताना मावशींचा चेहरा कडक होत गेला. "म्हणजे माझ्या पंक्तीत माझं वाढलेलं तुम्ही इकडचं तिकडे करत होतात? माझं माप चुकत होतं?"

"माप बरोबर होतं हो मावशी. एका वाटीत कमी पडत होतं, ते आम्ही पुरं करत होतो."

मावशी बाकावर बसल्या. पायाशी खाटांचे खळगे होते. त्यांतल्या एकावरून त्यांनी काठीचे टोक फिरवले. मग म्हणाल्या, "तरीच. मी म्हणायचे, एवढंसं खाऊन ही पोर वाढते कशी? मला वाटायचं, इथली हवा चांगली आहे."

"हवा? अहो, त्या फलकावरचा हिचा गाल बघा की!" खारूताई म्हणाली. "फोटोवाला आला तेव्हा नुकताच माझा पाव हिच्या तोंडात गेला होता. चावता येईना, टाकता येईना. तो बिचारा साहेब खाली सगळ्यांना सांगतोय, दुःख गिळलंय. दुःख कसलं, माझा पाव आहे तो!"

"मला तेव्हा वाटलं, दाढ सुजलीय," मावशी म्हणाल्या. "दोन दिवस हिला मिठाच्या गुळण्या करायला लावल्या मी." आणि त्या हसू लागल्या, आधी आवाजाविना, मग डोळे पुसत.

खाली जुन्या जेवणघरात क्युरेटरला हे कळले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "ताई, माझी मोठी चूक झाली. मी विचारायला हवं होतं. आजच सगळे फलक उतरवतो."

"चेहरा कशाला उतरवता? चेहरा चांगला आलाय," मावशी म्हणाल्या. "ओळ तेवढी बदला."

"काय लिहू?"

मावशींनी थोडा विचार केला. "लिहा, हिची आई आत स्वयंपाकघरात होती."

त्याने ते लिहून घेतले, पुन्हा वाचले, आणि आपल्या ओळीपेक्षा ही ओळ साधी आहे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणाला.

भाषणे झाली. चहा आला आणि लांब टेबलावर एक मोठा केक मांडला गेला. तो कापण्याचा मान संग्रहालयाने सर्वांत वडील व्यक्तीला, म्हणजे मावशींना दिला. जुन्या मुली सवयीने टेबलाच्या दोन्ही अंगांना रांगेत बसल्या. कुणाला सांगावे लागले नाही. मुंगीने बशा पुढे सरकवल्या आणि विचारले, "आई, तुला साखर कमी चालेल ना चहात?"

मावशींचा सुरी धरलेला हात थांबला. त्यांनी सवयीने आजूबाजूला पाहिले. "अगं, मुली आहेत."

"मुलींनाच ऐकवतेय."

"आम्हीपण आता आई म्हणायचं का हो?" घंटीने टेबलाच्या टोकावरून विचारले.

"नको बाई. तुमची मावशीच बरी. या वयात सगळ्याच आई म्हणू लागल्या तर हाक कुणाची आली ते मला कळायचं नाही."

मावशींनी केक कापायला घेतला. तुकडे एकसारखे पडत होते, जणू ओगराळ्यानेच मापलेले. खारूताईला एक, घंटीला एक, पलीकडच्या रांगेला एकेक. मुंगीच्या बशीशी आल्यावर त्या थांबल्या. मग त्यांनी सुरी पुरती बाजूला नेली आणि कोपऱ्यातला, साखरेच्या फुलासकट, भला थोरला तुकडा कापून मुंगीच्या बशीत ठेवला.

सगळ्या माना त्या बशीकडे वळल्या. मग घंटीचा आवाज उठला, एके काळी निजघर उठवणारा. "मावशी! पंक्तिप्रपंच!"

"पंक्तिप्रपंच! पंक्तिप्रपंच!" दोन्ही रांगांतल्या म्हाताऱ्या चमचे टेबलावर आपटू लागल्या.

"होय," मावशी म्हणाल्या, आणि सुरीला लागलेली साखरही त्यांनी मुंगीच्याच बशीत पुसून टाकली. "करतेय."